एकच प्रेस रूम, दोन हिल्डी : ‘द फ्रंट पेज’ आणि ‘हिज गर्ल फ्रायडे’

‘द फ्रंट पेज’ (१९३१) आणि ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) यांतला एकच सिनेमा बघायला वेळ असेल तर दुसरा बघा. जमलं तर दोन्ही बघा, आणि जुना आधी. रीमेक मूळ सिनेमापेक्षा सरस निघाल्याची उदाहरणं फार थोडी. त्यातलं हे सगळ्यात स्पष्ट, कारण काय बदललं आणि काय तसंच ठेवलं हे शिवण उसवून दाखवता येतं. बातमीदारांनी, नाटकवाल्यांनी, शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता शिकणाऱ्या पोरांनी तर ही जोडी सोडूच नये.

मूळ आहे एक नाटक. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर हे दोघं शिकागोच्या वर्तमानपत्रांत बातमीदारी करून आलेले. त्यांनी लिहिलेलं ‘द फ्रंट पेज’ १४ ऑगस्ट १९२८ ला ब्रॉडवेवर आलं. त्यातला संपादक वॉल्टर बर्न्स हा वॉल्टर हॉवी नावाच्या खऱ्या संपादकावर बेतलेला. निर्माता हॉवर्ड ह्यूज आणि दिग्दर्शक लुईस माइलस्टोन यांनी १९३१ मध्ये त्याचा बोलपट केला. तिकडे बोलपट नुकता कुठं पाय रोवत होता. इकडे आपल्या कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली प्रभात कंपनी मूकपटांतून बाहेर पडून ‘अयोध्येचा राजा’च्या तयारीला लागली होती, असा तो काळ.

गोष्टीची जागा आधी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं सोपं जातं. फौजदारी कोर्टाच्या इमारतीत बातमीदारांची एक खोली. मधे टेबल, त्यावर प्रत्येक पेपरचा वेगळा फोन, पत्ते, सिगारेटी. खिडकीखाली तुरुंगाचं आवार आणि तिथं फाशीचा सांगाडा उभा राहतोय. बिंदू चौकातल्या सबजेलच्या भिंतीला खेटून पत्रकारांचा कट्टा भरतोय आणि खिडकीतून थेट आत दिसतंय, अशी कल्पना करा. अर्ल विल्यम्स नावाच्या माणसानं पोलिसाला गोळी घातली, त्याला सकाळी सातला फाशी आहे. महापौर आणि शेरीफ (निवडून आलेला पोलीस-तुरुंगाचा प्रमुख) यांना निवडणुकीआधी ती उरकायची आहे. बातमीदारांचं म्हणणं एवढंच, की सातऐवजी पाचला फाशी द्या, म्हणजे बातमी शहर आवृत्तीत बसेल. हे वाक्य गंभीरपणे, व्यवहाराचं म्हणून बोललं जातं. अंक सोडायची वेळ ज्यांनी कधी पाळली आहे त्यांना ते आरपार कळतं.

याच दिवशी हिल्डी जॉन्सन हा सगळ्यात तरबेज बातमीदार नोकरी सोडून लग्न करायला निघालेला असतो आणि संपादक त्याला सोडायला तयार नसतो. मग कैदी निसटतो, नेमका प्रेस रूममध्ये येऊन पडतो, आणि त्याला सरकत्या झाकणाच्या मोठ्या डेस्कमध्ये लपवलं जातं. इथपर्यंत दोन्ही सिनेमे सारखे.

फरक असा : १९३१ मध्ये हिल्डी पुरुष आहे (पॅट ओ’ब्रायन), संपादकाच्या भूमिकेत अडॉल्फ मेंजू. १९४० मध्ये दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सनं हिल्डी बाई केली (रोझलिंड रसेल) आणि पटकथाकार चार्ल्स लेडररनं त्यावर पुढची कडी जोडली, की ही हिल्डी संपादकाची घटस्फोटित बायको. वॉल्टर झाला कॅरी ग्रँट. ‘हिरोची हिरॉईन केली’ एवढंच म्हणून लोक सोडून देतात. पण खरं काम घटस्फोटानं केलंय.

कारण मूळ गोष्टीत एक कच्चा सांधा आहे. हिल्डीची होणारी बायको पेगी त्याची वाट बघत ताटकळते, तिच्यासोबत आई. पेगी भली पोरगी आहे, पण गोष्टीत तिचं काम अडथळ्याचं. ती जिंकावी असं कुणालाच वाटत नाही, कारण तिला बाजू मांडायला जागाच दिलेली नाही. आणि वॉल्टरला हिल्डी का हवा? चांगला बातमीदार आहे म्हणून. मालकाची गरज, बाकी काही नाही. त्यामुळे खेचाखेच एकाच दोरीवर चालते.

रीमेकमध्ये दोऱ्या दोन झाल्या. वॉल्टरला बातमीदार हवी आहे आणि बायकोही परत हवी आहे, पण तो प्रत्येक वेळी फक्त पहिल्या गरजेबद्दल बोलतो. हिल्डीला हे कळतं. तिला संसार हवा आहे असं ती म्हणते, पण हात टाइपरायटरकडे जातात. आणि समोर जो नवरा होऊ घातलाय, तो ब्रूस बाल्डविन (राल्फ बेलामी), आल्बनीचा विमा एजंट, आईसोबत राहणारा, छत्री सांभाळणारा, खरोखर सज्जन आहे. तो वाईट असता तर प्रश्नच उरला नसता. वॉल्टर एकदा ब्रूसचं वर्णन करताना सांगतो, सिनेमात तो राल्फ बेलामी आहे ना, तसा दिसतो. प्रेक्षागृहात हे वाक्य निसटू देऊ नका.

यासाठी रीमेकनं सुरुवातीचा जवळजवळ पाव भाग नव्यानं लिहिला. हिल्डी कचेरीच्या दारातून शिरते, टेलिफोन ऑपरेटर पोरींपासून आतल्या टेबलांपर्यंत प्रत्येकाशी बोलत चालत जाते, कॅमेरा तिच्यासोबत सरकतो. त्या एका चालीतच कळतं की ही इथली आहे. मग वॉल्टरच्या खोलीत दोघांची जुंपते. ते बघताना खासबाग मैदानातल्या कुस्तीची खडाखडी आठवते : हात हातात, मान मानेवर, कुणीच डाव टाकत नाही, नुसतं समोरच्याचं वजन जोखणं. त्यानंतर तिघांचं हॉटेलात जेवण. हे दोन प्रवेश नाटकात नाहीत. म्हणजे प्रेस रूम येण्याआधीच आपण त्या दोघांच्या बाजूनं किंवा विरोधात बसलेले असतो.

आणि प्रेस रूम मात्र हॉक्सनं फारशी हलवली नाही, हे त्याचं शहाणपण. मर्फी, एंडिकॉट, मॅक्यू, सगळे तसेच. स्वच्छतेचं वेड असलेला बेन्सिंगर तसाच, त्याचं डेस्कही तेच. खोलीतला निर्दयपणा त्यानं गोड केला नाही. फक्त त्या खोलीत एक बाई आणून उभी केली, आणि मग मॉली मॅलॉयचा प्रसंग बघा. मॉली ही कैद्यावर माया करणारी बाई. बातमीदारांनी तिच्याबद्दल खोटंनाटं छापलंय, ती जाब विचारायला येते, हे तिची टिंगल करतात. १९३१ मध्ये मे क्लार्कनं मॉली जीव तोडून केली आहे आणि प्रसंग तिच्या आरडाओरड्यावर उभा आहे. १९४० मध्ये हिल्डी उठते, तिला धरून बाहेर नेते. दार बंद होतं. खोलीतले सगळे गप्प. हिल्डी परत येऊन दारातच म्हणते, ‘जंटलमेन ऑफ द प्रेस’. तीन-चार शब्द, आवाज न चढवता. मूळ सिनेमातल्या या प्रसंगात त्या खोलीला खोलीतल्याच कुणी आरसा दाखवत नाही. इथं दाखवला जातो, आणि दाखवणारी स्वतः त्यांच्यातलीच आहे.

दुसरा प्रसंग मुलाखतीचा. हिल्डी तुरुंगरक्षकाला पैसे चारून अर्ल विल्यम्सच्या पिंजऱ्याजवळ जाते. एवढा वेळ भरधाव गेलेला सिनेमा इथं चालायला लागतो. ती हळू बोलते. बागेत भाषणं ऐकत असताना काय ऐकलंस, असं विचारत ती त्याला एका शब्दप्रयोगापाशी आणते : वस्तू वापरासाठी बनवतात. मग विचारते, बंदूक कशासाठी बनवतात? तो स्वतःच उत्तर देतो. बातमीचा मथळा तिला मिळाला. ती त्याला समजून घेतेय की त्याच्या तोंडात मथळा घालतेय, याचं उत्तर सिनेमा देत नाही, आणि माझ्या मते संपूर्ण सिनेमातली सगळ्यात खरी पत्रकारिता याच दोन-तीन मिनिटांत आहे. मुलाखत घ्यायला शिकणाऱ्यानं हा प्रवेश आधी आवाजासकट बघावा, मग आवाज बंद करून नुसता हिल्डीचा चेहरा बघावा.

आता वेगाबद्दल, कारण या सिनेमाची कीर्ती त्यावरच आहे. मिनिटाला सुमारे २४० शब्द असा हिशेब नेहमी सांगितला जातो. साध्या गप्पांत इंग्रजी माणूस दीडशेच्या आसपास बोलतो. पण नुसतं भराभर बोलून हे जमत नाही. गंमत लेखनात आहे. हॉक्सनं संवादाच्या पुढे-मागे बिनमहत्त्वाचे शब्द जोडून घेतले, म्हणजे दोन माणसं एकमेकांवर बोलली तरी मधला गाभा ऐकू येतो. मराठीत करून बघा. गाभा : ‘पैसे उद्या मिळतील.’ पुढे-मागे जोड : ‘अहो, मी काय म्हणतो, पैसे उद्या मिळतील, काळजी नको तुम्हाला.’ समोरच्यानं ‘काळजी’वर तोंड उघडायचं, आणि त्याचंही पहिलं वाक्य ‘नाही पण, ऐका तर’ असंच बिनकामाचं असायचं. एकाची शेपटी आणि दुसऱ्याचं तोंड एकमेकांवर, गाभा मोकळा. हौशी नटांकडून इथं दोन चुका होतात. एक, दोघंही गाभ्यावरच आदळतात, मग काहीच कळत नाही. दुसरी, वेग वाढला की आवाजही चढतो. ग्रँट आणि रसेल वेग वाढवताना आवाज उलट खाली आणतात. मुद्दाम लक्ष देऊन ऐका.

तांत्रिक बाजूही सोपी नव्हती. वेगवेगळ्या ट्रॅकवर आवाज घेऊन नंतर जुळवायची सोय तेव्हा नव्हती. वर टांगलेले माइक ध्वनिमुद्रक बोलणाऱ्याप्रमाणे चालू-बंद करायचा, एकेका प्रवेशात ३५ वेळांपर्यंत.

याचा अर्थ १९३१चा सिनेमा संथ आहे असा नाही. तोही पळतो, पण पळतो कॅमेरा. बोलपटाच्या पहिल्या वर्षांत कॅमेऱ्याच्या आवाजामुळे तो पेटीत कोंडलेला असायचा. माइलस्टोननं त्याला टेबलाभोवती गरगर फिरवला, एकेका बातमीदाराच्या तोंडासमोरून नेला. सुरुवातीलाच पोतं सोडून फाशीच्या खटक्याची चाचणी घेतात, ते दृश्य अजून पोटात गोळा आणतं. हॉक्स उलट माणसं एका चौकटीत उभी करून त्यांना बोलू देतो. दिग्दर्शन शिकणाऱ्याला जुना सिनेमा जास्त देईल, असं मी म्हणेन. लेखकाला नवा.

जुन्याची दुसरी जमेची बाजू म्हणजे धार. सिनेमात काय दाखवायचं नाही हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता १९३४ पासून कडक झाली. त्याआधीचा हा सिनेमा जास्त उघडावाघडा, मॉलीचा धंदा, पुढाऱ्यांची लाचखोरी, सगळं रोखठोक. शेवट तर नाटकाचा प्रसिद्धच. वॉल्टर मोठ्या मनानं हिल्डीला निरोप देतो, स्वतःचं घड्याळ आहेर म्हणून देतो, आणि तो गेल्यावर पोलिसांना कळवायला सांगतो, की त्या हरामखोरानं माझं घड्याळ चोरलंय. १९३१ मध्ये त्या शिवीवर टाइपरायटरचा खडखडाट येतो.

रीमेकनं हे घड्याळ टाकलं नाही, त्याची जागा बदलली. घड्याळचोरीचा आळ इथं ब्रूसवर येतो, तोही मध्यावर. मग त्याला दुसऱ्यांदा अडकवतात ते बाईची छेड काढल्याच्या आरोपाखाली. तिसऱ्यांदा खोट्या नोटांसाठी. त्या नोटांचा माग काढा : हिल्डी तुरुंगरक्षकाला ४५० डॉलर देते, ते ब्रूसच्या पैशांतले. ती रक्कम वॉल्टर भरून देतो, पण नकली नोटांत. त्याच नोटांनी ब्रूस पुन्हा कोठडीत जातो, आणि त्याचा फोन आल्यावर हिल्डी रडायला लागते, कारण वॉल्टरनं आपल्याला खरंच सोडून दिलं नाही हे तिला त्यातून कळतं. मूळ सिनेमात शेवटचा डाव हिल्डीच्या पाठीमागे पडतो. इथं तो तिच्या हातात येतो. एकच युक्ती तीनदा वापरून तिसऱ्यांदा तिचा अर्थ उलटवणं, यालाच पटकथा म्हणतात.

दोष दोन्हींत आहेत. मारला गेलेला पोलीस कृष्णवर्णीय आहे आणि महापौर-शेरीफ त्यावर मतांचा हिशेब करतात. हे दाखवणं बोचरं आहे, पण बातमीदारांच्या तोंडचे त्या समाजाबद्दलचे शब्द आज कानाला लागतात. विद्यार्थ्यांना दाखवण्याआधी दोन वाक्यं सांगून ठेवा. मॉली खिडकीतून उडी टाकते आणि पुढच्या मिनिटाला सिनेमा तिला विसरतो. रीमेकमध्ये हे जास्त खटकतं, कारण तिला बाहेर नेणारी हिल्डीच आता तिकडं पाठ करते.

प्रत कुठली घ्यावी, हा कळीचा प्रश्न. अमेरिकेत या सिनेमांच्या हक्कांचं नूतनीकरण झालं नाही, त्यामुळे फुकटच्या प्रतींचा सुळसुळाट आहे आणि बहुतेक टाकाऊ आहेत. फिल्म तुटून चिकटवलेल्या जागी शब्दच गायब असतात, आणि खरखर काढायच्या नादात ‘स’, ‘फ’ सारखी व्यंजनं पुसलेली असतात. इतक्या वेगाच्या बोलण्यात ते परवडत नाही. ‘द फ्रंट पेज’चं आणखी एक त्रांगडं आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अमेरिकेसाठी आणि परदेशासाठी वेगवेगळ्या निगेटिव्ह केल्या गेल्या, निरनिराळ्या टेकमधून, म्हणजे त्याच दृश्याच्या वेगवेगळ्या चित्रणांतून. वर्षानुवर्षं लोकांनी बघितली ती दुय्यम टेकची आवृत्ती. माइलस्टोनच्या पसंतीची अमेरिकी आवृत्ती नंतर सापडली आणि क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या २०१७ च्या संचात दोन्ही सिनेमे एकत्र आले. घ्यायचा तर तोच संच. घेण्याआधी डिस्कचा रीजन (ती कुठल्या देशांतल्या प्लेअरसाठी आहे तो कोड) आपल्या प्लेअरला चालतो का ते बघा.

फुकटची फाइल वापरणारच असाल तर आधी लांबी तपासा. ‘हिज गर्ल फ्रायडे’ ९२ मिनिटांचा, ‘द फ्रंट पेज’ १०१. ९२ ऐवजी साधारण ८८ दिसली तर ती सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमच्या पद्धतीनं पळवलेली आहे. आवाज किंचित चिरका होतो आणि मूळ वेगासाठी बनवलेली सबटायटल्स शेवटापर्यंत साडेतीन मिनिटांहून जास्त मागे पडतात. पहिला आणि शेवटचा संवाद जुळवून बघा. दोन्हीकडे फरक सारखा असेल तर प्लेअरमध्ये सबटायटल मागेपुढे सरकवून भागतं. फरक वाढत गेला असेल तर सबटायटलचा फ्रेमरेटच बदलावा लागतो.

तालमीच्या किंवा मंडळाच्या हॉलमध्ये दाखवायचा असेल तर जास्त काळजी आवाजाची घ्या. फरशी आणि पत्रा असलेल्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि एकमेकांवर चढलेले संवाद नुसता गलका होतात. आवाज मोनो म्हणजे एकपदरी आहे, त्यामुळे चार कोपऱ्यांत चार स्पीकर लावू नका. एकच चांगला स्पीकर पडद्याखाली मध्यभागी, बेस पूर्ण खाली, मधल्या पट्ट्या थोड्या वर. मागच्या भिंतीला सतरंज्या टांगल्या तरी फरक पडतो. चित्राची चौकट जवळजवळ चौरस आहे. टीव्ही किंवा प्रोजेक्टर ती रुंद ताणतो आणि कॅरी ग्रँट बुटका दिसतो. सेटिंगमध्ये मूळ आकार निवडा. ८ फूट रुंद, साडेचार फूट उंच पडद्यावर चित्र सव्वासहा फुटांच्या आसपास भरेल, बाजूच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्या. सबटायटल्स लावाच, पण ती गाभ्याचीच वाक्यं देतात, शेपट्या गाळतात, हे मंडळींना आधी सांगा. दोन्ही सलग म्हणजे ३ तास १३ मिनिटं. मधे वीस मिनिटं चहाला धरा, साडेपाचला सुरू केलं तर नऊ-सव्वानऊपर्यंत माणसं घरी जातात.

पुढचे दोन अवतार थोडक्यात. १९८८ चा ‘स्विचिंग चॅनल्स’ हीच गोष्ट उपग्रह वाहिनीत नेतो, डेस्कच्या जागी झेरॉक्स मशीन येतं. तीन नावाजलेले नट असूनही तो ओढाताणीचा वाटतो, नाही बघितला तरी चालेल. बिली वाइल्डरचा १९७४ चा ‘द फ्रंट पेज’ मात्र सोडू नका. वाइल्डर स्वतः व्हिएन्ना-बर्लिनमध्ये बातमीदार होता. त्यानं हिल्डी पुन्हा पुरुष केला (जॅक लेमन), वॉल्टर म्हणून वॉल्टर मॅथाऊ आणला, आणि संवाद एकमेकांवर चढवायचे टाळले, त्यामुळे सबटायटलशिवायही बराच कळतो. शेवटचं वाक्य तिथं टाइपरायटरचा आडोसा न घेता, स्वच्छ ऐकू येतं.